तहान मारून बसू नका!

मैत्रिणींनो, आज एक अगदी साधा प्रश्न विचारते. लांबच्या प्रवासाला निघायचं असलं, दिवसभर कुणाच्या लग्नात बसायचं असलं, नाहीतर रोजानं दुसऱ्याच्या रानात जायचं असलं, तर त्या दिवशी सकाळपासून तुम्ही पाणी किती पिता? खरं सांगा बरं. चहाचा एक कप, आणि गोळी गिळायची असेल तर वर दोन घोट. पिशवीत बाटली असते, पण ती लेकरांसाठी. आपण नुसते ओठ ओले करायचे. कारण पाणी प्यालं की जावं लागतं, आणि जायचं कुठं, हा प्रश्न आपल्या प्रत्येकीच्या डोक्यात घरातून निघतानाच असतो.

मी राहते देवगाव फाट्याला. परभणी जिल्हा, सेलू तालुका. एक रस्ता मंठ्यावरून जालन्याकडे जातो, एक जिंतूरकडे आणि एक सेलूला. फाट्याचं गाव म्हणजे दिवसभर कुणी उतरतंय, कुणी गाडीची वाट बघतंय. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून माहेरी, दवाखान्याला, बाजाराला निघालेल्या बायकांची गर्दी जास्तच दिसते. मी शाळेत विज्ञान शिकवते हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे गाडीची वाट बघता बघता माझी शाळा तिथंही भरते.

मागच्या उन्हाळ्यात एक मावशी अशाच शेजारी बसल्या होत्या. ऊन मी म्हणत होतं. मी बाटली पुढं केली तर त्यांनी हातानं नको म्हटलं आणि म्हणाल्या, "बाई, तसं बी पाणी कमी पिलं की लघवी कमी होती. किडनीला तेवढाच आराम, नाही का?"

मला वाटतं, असं मानणाऱ्या त्या एकट्या नाहीत. म्हणून आज मावशींच्या प्रश्नाचं उत्तर नीट देते. उत्तर एका वाक्यात सांगायचं तर, नाही मावशी, किडनीला आराम मिळत नाही. पण का मिळत नाही, ते कळलं की मग पाण्याचा घोट टाळताना हात आपोआप थांबेल.

अंगातलं पाणी असतं कुठं?

साठ किलो वजनाच्या बाईच्या अंगात साधारण ३० लिटर पाणी असतं. लग्नकार्यात आपण पाण्याचे २० लिटरचे जार मागवतो ना, तसे दीड जार समजा. त्यातला एक पूर्ण जार आपल्या पेशींच्या आत असतो. उरलेला अर्धा जार पेशींच्या बाहेर. त्यातलं सात-साडेसात लिटर पाणी पेशींच्या मधल्या फटींमध्ये ओलावा धरून असतं, आणि फक्त अडीच लिटरच्या आसपास रक्तात वाहत असतं.

हे तीन वेगळे साठे असले तरी त्यांच्यामध्ये पक्क्या भिंती नाहीत. पाणी सारखं इकडून तिकडे जात असतं. ज्या बाजूला मीठ जास्त, त्या बाजूला पाणी ओढलं जातं. रक्तातली प्रथिनंही पाणी धरून ठेवतात, म्हणून ते रक्तवाहिन्यांतून सगळं बाहेर झिरपत नाही. किडनीचा हात पोचतो तो फक्त रक्तातल्या त्या अडीच लिटरपर्यंत. पण तेवढ्यातलंच मीठ आणि पाणी ती इतकं काटेकोर सांभाळते, की बाकीचे दोन्ही साठे आपोआप जागेवर राहतात.

हे बिघडलं की ते बाहेर दिसतं. किडनीतून प्रथिनं गळायला लागली तर रक्ताची पाणी धरून ठेवायची ताकद कमी होते, पाणी पेशींच्या मधल्या जागेत साठतं, आणि सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसते. पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो आणि तो लवकर भरत नाही. अंगात मीठ साठलं तरी असंच होतं, कारण मीठ आपल्यासोबत पाणीही अडवून ठेवतं. गरोदरपणात पायाला थोडी सूज पुष्कळजणींना येते. पण चेहरा किंवा हात सुजले, डोकं दुखू लागलं, डोळ्यांपुढं अंधुक झालं, तर "बाळंतपणात असं होतंच" म्हणून घरी बसायचं नाही. त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्यायचा.

दिवाळीची सफाई, रोजच्या रोज

आपल्या दोन्ही किडन्या मिळून वजनाला पाव किलोच्या आसपास भरतात. पण हृदयातून निघालेल्या रक्तातला जवळजवळ पाचवा हिस्सा सतत या पाव किलोतून फिरत असतो. एकेका किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात.

त्यांचं काम समजून घ्यायला दिवाळीच्या आधीची सफाई आठवा. आपण काय करतो? एकेक कचरा शोधत बसत नाही. सगळं घरच अंगणात काढतो, आणि मग लागेल ते पुसून आत घेतो. नको ते बाहेरच राहतं. किडनीही तेच करते. रक्तातलं पाणी, मीठ, साखर, सगळं आधी गाळून नळीत सोडते. दिवसाला किती? १५० ते १८० लिटर. म्हणजे आठ-नऊ जार! अंगात रक्तातलं पाणी अडीच-तीन लिटर, म्हणजे तेच पाणी दिवसात पन्नास-साठ वेळा गाळून निघतं. मग त्या नळ्या लागेल ते परत आत घेतात. साखर जवळजवळ सगळी, मीठ गरजेपुरतं, आणि पाणी शंभरातलं नव्व्याण्णव भाग. बाहेर जाते ती फक्त दीड-दोन लिटर लघवी.

आता मावशींचा प्रश्न घ्या. पाणी कमी प्यालं म्हणून हे गाळणं थांबतं का? नाही. घरातला कचरा रोज तयार होतच असतो. डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिनं वापरली गेली की युरिया तयार होतो. हो, तोच युरिया, जो आपण शेतात पोत्यानं टाकतो. तो रोज बाहेर गेलाच पाहिजे. म्हणून प्यायला पाणी असो वा नसो, गाळणं चालूच राहतं. फरक एवढाच पडतो, की आता किडनीला तेवढाच कचरा थोडक्या पाण्यात बाहेर काढावा लागतो.

मीठ लावलेल्या कैरीचा धडा

थोडक्या पाण्यात जास्त कचरा कसा काढतात? याचं उत्तर आपल्या लोणच्याच्या बरणीत आहे. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात पाणी सुटतं. ते पाणी कुणी पिळून काढत नाही. बाहेर मीठ जास्त आहे, म्हणून फोडीतलं पाणी आपणहून बाहेर येतं.

किडनीचा आतला गाभा असाच खारट असतो. तिथं मीठ आणि युरिया दोन्ही दाटून असतात. लघवीची नळी शेवटच्या टप्प्यात या खारट गाभ्यातून खाली जाते. नळीतलं पाणी बाहेरच्या मिठाकडे ओढलं जातं, तिथून परत रक्तात जातं, आणि नळीत उरते ती घट्ट लघवी. कैरीसारखंच.

पण गाभा खारट होतो कसा? त्यासाठी किडनीत एक सुंदर सोय आहे. केसांना लावायचा आकडा असतो ना, तशी वळलेली नळी. खाली उतरायची, वळायची आणि पुन्हा वर यायची. जर्मनीच्या याकोब हेनले या शास्त्रज्ञानं १८६२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला हेनलेचा आकडा म्हणूया. खाली जाणाऱ्या बाजूतून पाणी बाहेर पडतं. वर येणाऱ्या बाजूतून पाणी अजिबात बाहेर पडत नाही, तिथून फक्त मीठ बाहेर ढकललं जातं. प्रत्येक ठिकाणी फरक थोडाच पडतो, पण दोन धारा शेजारून उलट्या दिशेनं वाहत असल्यामुळे तो थोडा थोडा फरक साठत जातो आणि आकड्याच्या टोकाशी खारटपणा रक्ताच्या चौपट होतो. हे गणित उलगडायला शास्त्रज्ञांना १९४० आणि १९५० ची दशकं उजाडावी लागली. वाळवंटातल्या प्राण्यांत हे आकडे लांब असतात, म्हणून उंट आपल्या दुपटीहून जास्त घट्ट लघवी करू शकतो आणि थोड्या पाण्यावर निभावतो. आपण उंट नाही, हे मात्र लक्षात ठेवायचं.

मेंदूचा निरोप

पाणी वाचवायचं की सोडायचं, हे ठरवतो मेंदू. रक्त जरासं जरी घट्ट झालं, शंभरात एक-दोन भागांनी, तरी मेंदूला कळतं. तो दोन गोष्टी करतो. एक, आपल्याला तहान लावतो. दोन, व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतो. ते किडनीपर्यंत पोचलं की त्या शेवटच्या नळीच्या भिंतीतली पाण्याची दारं उघडतात आणि पाणी परत आत येतं. ही पाण्याची दारं शोधून काढल्याबद्दल अमेरिकेच्या पीटर ॲग्री यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

रात्री हे संप्रेरक वाढतं, म्हणून आपण झोपू शकतो आणि सकाळची पहिली लघवी जास्त पिवळी असते. दारू या संप्रेरकाला अडवते, म्हणून दारू पिणारा माणूस सारखा बाहेर जातो आणि सकाळी घसा कोरडा पडून उठतो. रक्तात साखर फार वाढली तर ती लघवीत उतरते आणि आपल्यासोबत पाणी ओढून नेते. सारखी तहान आणि सारखी लघवी हे मधुमेहाचं लक्षण आहे, ते असं.

बघा, तहान म्हणजे नुसता घशाचा कोरडेपणा नाही. ती मेंदूनं पाठवलेली सूचना आहे. तिच्याकडे दुर्लक्ष केलं की सगळा भार एकट्या किडनीवर पडतो.

वाचवण्यालाही मर्यादा

भरपूर पाणी प्यालं तर किडनी रक्ताच्या सहाव्या हिश्शाइतकी पातळ लघवी करू शकते. पाणी कमी पडलं तर जास्तीत जास्त चौपट घट्ट. त्यापुढं तिचा इलाज चालत नाही. दिवसाचा कचरा बाहेर काढायला अगदी कमीत कमी अर्धा लिटर लघवी व्हावीच लागते. त्याहून कमी झाली, तर कचरा रक्तातच राहतो.

आता आपल्याकडचं ऊन धरा. परभणीचा मे महिना सांगायला नको. उन्हात कष्टाचं काम करणाऱ्या बाईचा तासाला अर्धा ते एक लिटर घाम जाऊ शकतो. सकाळी सातला रानात गेलेली बाई दुपारपर्यंत तांब्याभर पाण्यावर राहिली, तर किडनी वाचवून वाचवून किती वाचवेल?

अशा घट्ट लघवीत क्षार एकत्र येऊन खडे धरतात. मुतखड्याची कळ ज्यांनी सोसली आहे, त्या बाळंतपणाची कळ बरी म्हणतात. दुसरं, बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषांचा वीसच्या आसपास. त्यामुळे जंतूंना आत शिरायला आपल्याकडे वाट जवळची. लघवीची धार त्यांना धुऊन काढत असते. धारच दिवसातून दोनदा, तीही दाबून दाबून रोखलेली, तर जळजळ, ताप, पाठीत दुखणं मागं लागायचंच. गरोदर बाईला तर हा धोका आणखी जास्त.

मध्य अमेरिकेत ऊसतोड करणाऱ्या मजुरांमध्ये, मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी तरुण वयात किडनी निकामी झाल्याचं मोठ्या प्रमाणावर दिसलं. कारणं एकाहून जास्त असावीत, पण रोजचं ऊन, कष्ट आणि अपुरं पाणी हे त्यातलं मोठं कारण मानलं जातं. आपल्या मराठवाड्यातून दर हंगामाला किती जोडपी ऊसतोडीला जातात! वाचून माझ्या पोटात गोळा आला.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. कापूस वेचून कंबर धरली की दुकानातून दुखण्याची गोळी आणून गिळायची सवय पुष्कळजणींना असते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या किडनीकडे जाणारं रक्त कमी करतात. अंगात पाणी कमी असताना, उपाशीपोटी, रोज रोज घेतलेली अशी गोळी किडनीला थेट इजा करू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सवय लावून घेऊ नका.

घरातली लहान बाळं आणि म्हातारी माणसं यांच्याकडे जास्त लक्ष द्या. तान्ह्या बाळाची किडनी मोठ्या माणसाच्या निम्म्यानंच लघवी घट्ट करू शकते. म्हणून जुलाब-उलट्यांत बाळ बघता बघता सुकतं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यानं हजारोंचे जीव वाचवले, ते पाणी आज ओआरएसच्या पुडीत मिळतं. ती पुडी घरात असू द्या. म्हाताऱ्या माणसांची तर तहानच मंदावते. सासूबाईंनी मागितलं नाही तरी पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी ठेवा.

मग पाणी किती प्यायचं?

मोजून इतके पेले, असा एक नियम सगळ्यांना लागू पडत नाही. ऊन, काम, अंगावर पाजणं, यावर गरज बदलते. लघवीचा रंग बघा. वाळल्या गवतासारखा फिका पिवळा असला, तर ठीक. गडद पिवळा, मोहरीच्या तेलासारखा झाला, तर पाणी कमी पडतंय. (बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर रंग भडक होतो, त्याची भीती नको.) रानात असाल तर तहानेची वाट न बघता दर वीसेक मिनिटांनी थोडं थोडं प्या. ताक, लिंबूपाणी चांगलंच.

मात्र एका दमात दोन-तीन लिटर पिण्याचा अट्टाहासही नको. किडनी तासाला साधारण एक लिटरपर्यंतच पाणी बाहेर टाकू शकते. त्याहून जास्त झालं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही घातक. आणि ज्यांना किडनीचा किंवा हृदयाचा आजार आहे, पायाला सूज आहे, त्यांनी डॉक्टर सांगतील तेवढंच पाणी प्यायचं. भरपूर पाणी पिऊन बिघडलेली किडनी धुऊन निघत नाही.

पण जायचं कुठं?

हे सगळं सांगितल्यावर मावशींनी शांतपणे विचारलं, "ते समदं खरं बाई, पण गाडीत पोटात दुखाय लागलं तर डायवर थांबवतो का?" यावर माझं विज्ञान गप्प झालं.

कारण तहान मारायची सवय बायकांनी हौसेनं लावून घेतलेली नाही. मुंबईत २०११ पासून 'राईट टू पी' ही मोहीम चालली, ती यासाठीच. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'नं विद्या बाळ यांच्या पुढाकारानं याचिका केली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं महापालिकांना बजावलं, की बायकांसाठी सार्वजनिक ठिकाणी स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृहं देणं हे तुमचं काम आहे. तो निकाल मोठ्या शहरांसाठी होता. खेड्यातली, फाट्यावरची, दुसऱ्याच्या रानातली बाई त्यात नव्हती. पण तिचीही किडनी तशीच आहे, आणि तिच्या माथ्यावरचं ऊन जास्त.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आपल्या राज्यात आहे. त्या सभेत सही करून घरी यायचं नाही. आमच्या गावात, बाजारात, थांब्यावर बायकांसाठी पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह पाहिजे, हे बोलायचं. लाजायचं कशाला? दिवसाला आठ-नऊ जार गाळणारी किडनी आपल्यासाठी कधी लाजत नाही. रानाच्या मालकिणीला सांगायचं, की वेचणीला बायका बोलवल्या तर आडोसा आणि पाण्याची घागर तुझ्याकडून. चौघीजणी मिळून बोललं की ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

एवढं लक्षात असू द्या

• लघवी रोखून धरू नका. घरून निघताना आणि पोचल्यावर लगेच जाऊन या.
• प्रवासात पाणी बंद करू नका, थोडं थोडं प्या.
• जुलाब झाले आणि ओआरएस नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा.
• जळजळ, लघवीत रक्त, पाठीत कळ, थंडी-ताप असेल, तर अंगावर काढू नका.
• मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर वर्षातून एकदा तरी लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. किडनी खूप बिघडेपर्यंत दुखत नाही, म्हणून ती दुखायची वाट बघायची नाही.